वाहनदुरुस्तीतील सुरक्षित पद्धती

वाहनाची दुरुस्ती किंवा सर्व्हिसिंग करताना काम करणाऱ्याला, जवळपासच्या माणसांना आणि नंतर ती गाडी चालवणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून पाळायच्या रीती. या रीती पुष्कळ असल्या तरी त्यांचे मूळ एक आहे. किल्ली फिरवून इंजीन बंद केले की गाडी शांत झाली असे वाटते. तिच्यातला जोर मात्र तसाच साठून राहिलेला असतो. जॅकवर तोललेले वजन, दाबून बसवलेली स्प्रिंग, रेडिएटरमधले तापलेले पाणी, बॅटरीतली वीज, टाकीतली पेट्रोलची वाफ, टायरमधली हवा, यांना वाट मिळायचाच काय तो अवकाश असतो. हा जोर कामाआधी आपल्या हाताने, हव्या त्या दिशेने उतरवून घेणे आणि जो उतरवता येत नाही तो पक्का अडवणे, एवढ्यात बहुतेक नियम येतात.

कोल्हापुरात या विषयाला वेगळे वजन आहे. शेतीपंपांची ऑईल इंजिने, लेथ आणि फाउंड्री यांवर वाढलेले शिवाजी उद्यमनगर, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, यांमुळे यंत्र उघडून पाहायला न घाबरणारी माणसे इथे गल्लोगल्ली सापडतात. शासकीय आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा रीतसर अभ्यासक्रम असला, तरी पुष्कळ मेस्त्री उस्तादाच्या हाताखाली शिकलेले असतात. हात तयार होतो तो असा. पण उस्तादाच्या खोडीही त्याच वाटेने पुढच्या पिढीत उतरतात. शिवाय जिल्ह्यातल्या गाड्यांना सोसावे लागते तेही तऱ्हेतऱ्हेचे : उसाचा हंगाम, कोकणात उतरणारे घाट आणि पंचगंगेचा पूर.

वजन : जॅकवरून गाडी घसरून माणूस खाली सापडणे हा या धंद्यातला सर्वांत जुना अपघात. जॅक गाडी उचलायला असतो. उचललेली गाडी धरून ठेवण्याचे काम घोडीचे, म्हणजे लोखंडी स्टँडचे. हायड्रॉलिक जॅकचे सील झिजले की तो आवाज न करता बसत जातो. म्हणून जमीन सपाट आणि टणक पाहावी, हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी आणि जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून-मागून उटी, म्हणजे चाक अडवणारा दगड किंवा पाचर, लावावी. उटीचा कंटाळा करणारे फार. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो; मागची बाजूच उचलली तर तो कामाचा राहत नाही. गिअरचा भरवसाही तितकाच, कारण ज्या चाकांना इंजिनाचा जोर जातो त्यांतले एक जरी हवेत असले तरी डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरजोडणीमुळे, ते नुसते फिरते आणि गाडी सरकू शकते. अशा वेळी गाडी थांबवून धरते ती उटी.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. वर उचललेल्या गाडीच्या पान्यावर पाय देऊन जोर लावला तर तोच जोर गाडीला जॅकवरून ढकलतो. घोडी बसवल्यावर गाडी हाताने हलवून पाहावी आणि मगच खाली जावे; काढलेले चाक चेसीखाली आडवे सरकवून ठेवणे हा फुकटातला विमा. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे घोडी म्हणून वापरू नयेत. ते आधी वाकत नाहीत, एकदम फुटतात. जाड लाकूड निदान कुरकुरते.

उसाच्या हंगामात हाच प्रसंग अडचणीच्या जागी येतो. दसऱ्याच्या आसपास ट्रॉल्यांची डागडुजी होते, हबमध्ये गिरीस भरले जाते, साट्याचे वेल्डिंग होते. पण पंक्चर होते ते नेमके भरल्या ट्रॉलीचे, रात्री, सरीच्या कडेला, मऊ रानात. ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात आणि एकीची दुरुस्ती चालू असताना दुसरीचा ओढा तिच्यावर येतो. तेव्हा दोन्हींना उट्या लावाव्यात, जॅकखाली रुंद फळी घालावी आणि भार फार असेल तर आधी मोळ्या उतरवाव्यात. उतरवायला तास जातो म्हणून कुणी तयार होत नाही, हे खरे आहे. मागे किमान लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर ठेवावा. अंधारात वाकलेला माणूस मागून येणाऱ्या वाहनाला दिसत नाही. माती-शेणखताच्या डंपिंग ट्रॉलीचा हौदा वर करून खाली काम करायचे असेल, तर चेसी आणि हौदा यांच्यामध्ये लोखंडी टेकू हवाच. हायड्रॉलिक पाइप फुटला तर हौदा क्षणात खाली येतो.

हवा आणि स्प्रिंग : ट्रकच्या कडी असलेल्या, म्हणजे लॉक रिंगच्या चाकाची हवा व्हॉल्वची पिन काढून पूर्ण सोडल्याशिवाय नटाला पाना लावू नये, आणि भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून बाजूला उभे राहावे. रिंग सुटून उडाली तर समोर जे असेल ते घेऊन जाते. टायर चढवलेला असताना रिमवर वेल्डिंग करणे त्याहून वाईट, कारण आतले रबर तापून वायू सुटतो आणि टायर फुटतो. मोटारीच्या शॉकअपची स्प्रिंग काढायला तिला दाबून धरणारे हत्यार, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसर, वापरतात. दोरी किंवा तार बांधून ती काढणारे अजून आहेत.

वीज : बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून बॅटरीला कुणी भीत नाही. पण ती शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर वाहतात. पाना अधिक टोक आणि बॉडी यांच्यात अडकला तर लालभडक होतो, आणि बोटात अंगठी असेल तर अंगठीही. यासाठी वजा तार आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. वजा टोक बॉडीलाच जोडलेले असते. ते सुटल्यावर अधिक बाजूचा पाना बॉडीला लागला तरी मंडळ पूर्ण होत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत चार टक्के झाला तरी तो ठिणगीने पेटू शकतो. म्हणूनच दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट देताना शेवटची काळी तार बसलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावतात. शेवटच्या जोडणीला उडणारी ठिणगी बॅटरीपासून लांब उडते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत नारिंगी तारा दिसल्या की साध्या मेस्त्रीने हात आखडावा. तिथला दाब शेकडो व्होल्टचा असतो आणि सर्व्हिस प्लग, म्हणजे बॅटरीचे मंडळ तोडणारा खटका, काढल्यानंतरही काही मिनिटे टिकतो.

इंधन : पेट्रोलच्या वाफेला भडकायला उकाडा लागत नाही, उणे चाळीस अंशांच्या आसपासही ती पेट घेण्याइतकी तयार होते. ती हवेपेक्षा जड असते, त्यामुळे जमिनीलगत पसरते आणि सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचते. वर उभ्या असलेल्याला वासही येत नाही आणि खाली हँडलॅम्पचा बल्ब फुटतो. एलपीजीचेही तसेच. सीएनजी हलका असल्याने छताकडे जातो, तेव्हा त्याच्यासाठी वरची खिडकी उघडी हवी. त्याच्या टाकीत सुमारे दोनशे बार दाब असतो आणि तिची तपासणी ठरावीक मुदतीत करून घ्यावी लागते. पार्ट पेट्रोलमध्ये धुणे ही मोडायला अवघड अशी सवय. उघड्या पत्र्याच्या डब्यात पेट्रोल, त्यात ब्रश घालणारा पोऱ्या आणि दोन हातांवर ग्राइंडर, हे दृश्य नवे नाही. त्या कामाला पार्ट धुण्याचे द्रावण किंवा निदान केरोसिन-डिझेल वापरावे, ठिणगीपासून दूर.

नळी तोंडाने ओढून टाकीतले पेट्रोल काढणे हा दुसरा जुना प्रकार. एक घोट चुकून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. पोटात गेला तर उलटी करवू नये, कारण वर येताना तोच घोट श्वासनळीत शिरतो. सरळ दवाखाना गाठावा. हाताने दाबायचा पंप फार महाग नसतो.

पावसाच्या झडीत शटर अर्धे ओढून आत इंजीन चालू ठेवणेही धोक्याचे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोके जड होणे ही त्याची खूण, पण तोवर उठून बाहेर जायचे भान सुटत चाललेले असते. आग लागली तर पेट्रोलवर पाणी ओतू नये. कोरडी पावडर किंवा वाळूची बादली हाताशी असावी.

उष्णता आणि दाब : रेडिएटरचे झाकण आतल्या पाण्याला दाबाखाली ठेवते, म्हणून ते शंभर अंशांवरही उकळत नाही. तापल्या इंजिनाचे झाकण उघडले की दाब उतरतो आणि सगळे पाणी एकदम उकळून तोंडावर येते. वरची रबरी नळी हाताला सोसवेल इतकी निवली की मग जाड फडके धरून झाकण फिरवावे. कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या नळीतली गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा फिरवून पाहावी. दीड-दोन हजार बार दाबाची ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखत नाही, आणि काही तासांत बोट काढायची वेळ येते. अशा वेळी मलम लावत न बसता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

घाट आणि ब्रेक : गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीहून फोंडा, मलकापूरहून आंबा, उतरताना ब्रेक सतत दाबून धरला की लायनर तापतात आणि त्यांची पकड जाते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट-३ प्रतीचे ऑईल २०५ अंशांवर उकळते, ओलावलेले १४० अंशांच्या आसपासच. उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. म्हणून बहुधा दर दोन वर्षांनी ते बदलतात, रंग चांगला दिसत असला तरी. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नये, तो तडकतो. ड्रम उघडल्यावर आतली पूड हवेच्या नळीने उडवायची सवयही सोडायला हवी; जुन्या लायनरांत फुप्फुसाला घातक ॲस्बेस्टॉस असू शकते, ती पूड ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या बुडाला जुने ऑईल मारायची पद्धत इकडे रूढ आहे. गंज थोडा थांबतो, पण ते ड्रमवर आणि रबरी नळ्यांवर उडते आणि पहिल्या पावसात वाहून ओढ्याला लागते. वापरलेले ऑईल घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते. ते डब्यात साठवून अधिकृत घेणाऱ्याला द्यायचे असते. गॅरेजच्या दारातली गटार पुढे जयंती नाल्याला आणि तो पंचगंगेला मिळतो.

पुरात बुडालेली गाडी : राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि असंख्य गाड्या पाण्यात राहिल्या. पूर ओसरल्यावर मालक पहिल्यांदा करतो ती गोष्ट म्हणजे किल्ली फिरवणे, आणि इंजीन मोडते ते तेव्हा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तोपर्यंतचे नुकसान साफसफाईचे असते, त्यानंतरचे इंजीन उघडण्याचे. शिवाय पाण्यात राहिलेले इंजीन स्टार्ट मारून बिघडवले तर विमा कंपनी तो खर्च सहसा नाकारते.

अशा गाडीचे आधी आहे त्या स्थितीत फोटो काढून घ्यावेत. बॅटरीची वजा तार सोडावी, गाडी ढकलत किंवा उचलून न्यावी. बॉनेट आणि सीटखाली हात घालण्यापूर्वी काठीने चाळवावे, गाळाबरोबर साप-विंचूही आलेले असतात. डिपस्टिकवरचे ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी आत गेले आहे. प्लग किंवा इंजेक्टर काढून क्रँक पान्याने, हाताने फिरवावा, म्हणजे पाणी भोकांतून बाहेर येते. मग इंजीन आणि गिअरबॉक्सचे ऑईल, फिल्टर, टाकीतले इंधन, ब्रेक ऑईल सगळे बदलावे. बुडालेली विजेवरची गाडी घराच्या भिंतीपासून दूर, मोकळ्यावर उभी करावी. तिची बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.

हत्यारे आणि अंगावरचे कपडे : खंडेनवमीला गॅरेजात हत्यारे पुसून, हळदकुंकू लावून मांडली जातात. वर्षातून एकदा ती सगळी एका जागी दिसतात, तेव्हाच निवड करावी. घाव बसून डोके फुलासारखे पसरलेली छन्नी पुन्हा पेटीत ठेवू नये. हातोडा बसताच तिची कड तुटून डोळ्यात जाते. ती घासून सरळ करावी. तोंड पसरलेला फिक्स पाना नटाच्या कडा खातो आणि निसटून बोटे फोडतो. ढिला शर्ट, गळ्यातले फडके, सैल बाही फिरत्या बेल्टजवळ नको. कोल्हापुरी चपलेचा अभिमान सगळ्यांनाच, पण ड्रम पायावर पडला तर तिचा उपयोग नाही; बंद बूट घालावेत. मोटरसायकल मधल्या स्टँडवर लावून, इंजीन चालू ठेवून, फडक्याने चेन पुसण्याचा प्रकार घरोघरी चालतो. फडके चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये ओढले जाते, मागोमाग बोट. चाक हातानेच फिरवावे, इंजीन बंद ठेवून.

काम झाल्यावर : पान्यांची मोजदाद करावी, एखादा बॉनेटखाली राहिलेला असतो. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर, म्हणजे सांगलीला जाऊन आल्यावर, पुन्हा तपासावेत. नवे बसलेले चाक थोडे सैल होते. डिस्कचे ब्रेक पॅड बदलले की पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते. गॅरेजच्या दारातून रस्त्यावर यायच्या आधीच, गाडी उभी असताना, पेडल घट्ट लागेपर्यंत पाच-सहा वेळा दाबून घ्यावे लागते.