सही केलेले घर आणि न केलेले घर : चाळीतल्या एका नव्या सोयरिकीची पार्श्वभूमी

लालबाग, परळ, शिवडी या पट्ट्यात गेल्या वीसेक वर्षांत जुळलेल्या किंवा मोडलेल्या लग्नांची हकिकत निघाली, की मुलाची नोकरी आणि मुलीचे शिक्षण यांच्याही आधी कोणीतरी विचारतो, की घर सही केलेल्यांपैकी आहे की न केलेल्यांपैकी. सही म्हणजे पुनर्विकासाच्या संमतीपत्रावरची सही, हे तिथे उलगडून सांगावे लागत नाही. एका मजल्यावर वाढलेल्या दोघांच्या प्रेमाला जात किंवा गावकी आड येणे जुनेच आहे. शेजारच्याच दोन घरांना परस्परांचे प्रतिपक्ष बनवणारी ही तिसरी रेघ मात्र कायद्याच्या कलमातून आलेली आहे.

गिरणी कामगारांच्या संपाच्या काळातही चाळी दुभंगल्या होत्या. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेला संप लांबला तसे काही कामगार पुन्हा कामावर गेले आणि त्यांच्या घरांशी इतरांनी बोलणे टाकले. पण ती फूट गिरणीच्या फाटकाशी पडली होती. खोलीवरच्या हक्काला तिने हात लावला नव्हता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालकाचा वाटा असे तीन भाग ठरवले. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. त्यानंतर गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले, तसा गोठवलेल्या भाड्याच्या चाळींखालच्या जमिनीचा भावही प्रत्येकाला कळून चुकला.

खरा गुंता ‘संमती’ या शब्दात आहे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या योजनेत मालकाला जुन्या इमारतीतल्या किमान ७० टक्के रहिवाशांची लेखी संमती मिळवावी लागे, आणि ही संमती मागे घेता येणार नाही अशी अटही होती. (लग्नाचे वचन मोडता येते, हे मात्र नाही, असा विनोद चाळीत त्यामुळेच चालतो.) पुरेशा सह्या जमल्या, की उरलेल्यांवरही खोली रिकामी करण्याचे बंधन येते आणि न केल्यास निष्कासनाची कारवाई होऊ शकते. म्हणजे आपल्या घराचा निर्णय शेजाऱ्याच्या सहीने होऊ शकतो. पुढे २०१८ मध्ये लागू झालेल्या नव्या नियमावलीने हा उंबरठा ५१ टक्क्यांवर आणला. रखडलेल्या योजना त्यामुळे मार्गी लागतील, असे समर्थन तेव्हा केले गेले आणि ते निराधार नव्हते, कारण पावसाळ्यात पडणाऱ्या इमारती शहराने वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. तरीही १०० खोल्यांच्या चाळीत ७० सह्या जमवताना शंका घेणाऱ्यांची समजूत काढणे भाग पडे. ५१ मध्ये ४९ घरांना बाजूला ठेवूनही काम होते. ‘विरोधक’ हा शब्द चाळीच्या बोलीत रुळला तो या हिशेबामुळे, आणि तो चिकटला तो अनेकदा फक्त करारनामा आधी वाचायला द्या म्हणणाऱ्यांना.

दुसरी गोष्ट अशी, की ही संमती माणसागणिक मोजली जात नाही, खोलीगणिक मोजली जाते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रेशनकार्ड आणि विजेच्या बिलांबरोबर ठेवलेल्या भाडेपावतीवर ज्याचे नाव, त्याची सही. पुष्कळ घरांत ते नाव आजोबांचे असते, आजोबा हयात नसतात, एक काका गावी असतो आणि दुसरा विरारला. प्रेमात पडलेल्या दोघांचे या प्रश्नावर काहीही मत असले, तरी ते कुठेच नोंदले जात नाही. त्यांच्या नावावर मात्र वडिलांची बाजू जमा होते. मुलीचे वडील समितीचे सचिव आणि मुलाचे वडील न्यायालयात गेलेले, अशी स्थिती असली की तळमजल्यावरच्या सभेत दोन्ही घरे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन वेगळ्या रांगांत बसतात आणि ती दोघे जिन्यात उभी राहून ऐकतात.

लग्न केल्यानेही हा हिशेब बदलतो, आणि याकडे फारसे कोणी लक्ष वेधत नाही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर निवासी खोलीचा हक्क त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जातो. सासरी गेलेली मुलगी ही राहण्याची अट गमावते. सही न केलेल्या घरातली मुलगी सही केलेल्या घरात सून म्हणून गेली, की ज्या खोलीसाठी तिचे वडील भांडत आहेत त्या खोलीवरचा तिचा दावा कमकुवत होतो. तिच्या भावांना हे आधी कळते. प्रेमविवाहाला होणाऱ्या विरोधात ‘आपली मुलगी त्यांच्याकडे गेली’ हा राग असतो, आणि ‘एक वाटेकरी कमी झाला’ ही न बोललेली सोयही असते.

नवी इमारत होईपर्यंत राहायला दिलेल्या तात्पुरत्या घरांचा, म्हणजे संक्रमण शिबिरांचा, वाटाही मोठा आहे. सज्जात रोज समोरासमोर येणारी घरे सायनच्या प्रतीक्षानगरात किंवा विक्रोळीच्या कन्नमवारनगरात पांगली, आणि काही वर्षांचा म्हणून सांगितलेला मुक्काम अनेकांच्या बाबतीत दशकांवर गेला. सही करणारे आधी हलले, न करणारे अर्ध्या रिकाम्या चाळीत राहिले. भेटण्यासाठी दोन गाड्या बदलाव्या लागू लागल्यावर काही प्रकरणे आपोआप संपली; काही जोडप्यांनी मात्र नेमक्या याच काळात, दोन्हीकडच्या मोठ्यांची नजर सैल झाल्यावर, नोंदणी पद्धतीने लग्न उरकले.

ब्रिटिश काळातल्या ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने बांधलेल्या बीडीडी चाळींत चित्र थोडे वेगळे राहिले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, आणि त्यांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर. मालक सरकारच असल्याने भांडण बिल्डरशी नव्हते. वैयक्तिक करारनामा आधी की घर रिकामे करणे आधी, यावर गट पडले. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या, तेव्हा त्या गटांतली घरे पुन्हा एकाच लिफ्टमध्ये आली.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत नवे घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर दिले जाते. जुन्या चाळींच्या योजनेत पात्रतेचा मुख्य आधार आजही भाडेपावती आहे, आणि पलीकडच्या बाजूने आलेल्या सुनेचे नाव तिच्यावर नसते.