बघ्यांची निष्क्रियता

बघ्यांची निष्क्रियता : डोळ्यांदेखत कुणाच्या जिवावर बेतले असताना भोवतालच्या माणसांनी मदतीला न जाता नुसते पाहत राहणे. बोलण्यात याला ‘बघ्याची भूमिका घेणे’ म्हणतात आणि ते म्हणताना सूर दूषणाचा असतो. सामाजिक मानसशास्त्रातला अर्थ त्याहून नेमका आहे. प्रसंगी हजर असलेल्यांची संख्या वाढली की त्यांतल्या प्रत्येकाची पुढे होण्याची शक्यता घटते, असा हा सिद्धान्त. तो प्रत्येक माणसाबद्दल बोलतो, अख्ख्या घोळक्याबद्दल नाही. हा फरक नजरेआड झाल्यामुळे या विषयावरचे बरेचसे लेखन ‘माणुसकी संपली’ या एकाच वाक्याभोवती फिरत राहते.

विषयाची सुरुवात न्यूयॉर्कमधल्या एका खुनापासून सांगण्याची पद्धत आहे. १३ मार्च १९६४ रोजी पहाटे तीनच्या सुमारास क्वीन्स भागातील क्यू गार्डन्स येथे किटी जेनोव्हीज ही २८ वर्षांची तरुणी काम संपवून घरी परतत होती. रेल्वे स्थानकाजवळ गाडी लावून ती चालत निघाली असताना एका अनोळखी माणसाने तिला भोसकले. ती घराच्या मागच्या बाजूच्या जिन्यापर्यंत कशीबशी पोहोचली. तिथे त्याने तिला पुन्हा गाठले. दोन आठवड्यांनी, २७ मार्चला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी दिली : ३८ सभ्य, कायदा पाळणारे नागरिक अर्ध्या तासाहून अधिक काळ खिडक्यांतून हा खून पाहत होते आणि एकानेही पोलिसांना फोन केला नाही. मथळ्यात आकडा ३७ होता आणि मजकुरात ३८. ही विसंगती तेव्हा कुणाला फारशी खटकली नाही. महानगरातल्या माणसाचे काळीज दगडाचे झाले आहे, हा निष्कर्ष सगळ्यांना पटण्याजोगा होता.

बातमी बरीचशी चुकीची होती. रेचेल मॅनिंग, मार्क लेव्हिन आणि ॲलन कॉलिन्स यांनी खटल्याची कागदपत्रे तपासून २००७ मध्ये दाखवून दिले, की ३८ जणांनी खून पाहिल्याचा पुरावा कुठेही नाही. थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. बहुतेकांनी ऐकले ते अर्धवट ओरडणे, आणि ते दारूड्यांचे किंवा नवराबायकोचे भांडण असावे असे त्यांना वाटले. पहिल्या हल्ल्याच्या वेळी एका शेजाऱ्याने खिडकीतून दरडावले, त्यासरशी हल्लेखोर पळाला होता. दुसरा, जीवघेणा हल्ला इमारतीच्या आत झाला. रस्त्यापलीकडच्या खिडक्यांतून तो दिसणेच शक्य नव्हते. शेवटच्या क्षणी एक शेजारीण धावत खाली आली आणि तिने किटीला मांडीवर घेतले. हल्लेखोर निघून गेला आहे की तिथेच दबा धरून आहे, हे तिला माहीत नव्हते. बातमीत तिचा पत्ता नाही. २०१६ मध्ये खुन्याच्या मृत्यूची बातमी देताना त्याच वृत्तपत्राने आपले जुने वार्तांकन सदोष असल्याचे मान्य केले.

सगळेच निर्दोष होते असेही नाही. जिन्याच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या एकाने दार किलकिले करून हल्ला पाहिला, दार लावून घेतले, मित्राला फोन करून काय करावे ते विचारले आणि पोलिसांना कळवायला उशीर केला. ‘मला यात पडायचे नव्हते’ हे त्याचे उत्तर पुढे अजरामर झाले. त्या काळी पोलिसांसाठी तीन आकडी क्रमांक नव्हता, हेही लक्षात घ्यावे लागते. ९११ ही सेवा अमेरिकेत १९६८ मध्ये सुरू झाली.

बातमी सदोष असली, तरी तिच्यातून निघालेले संशोधन टिकले. न्यूयॉर्क विद्यापीठातील जॉन डार्ली आणि कोलंबिया विद्यापीठातील बिब लाताने यांनी लोकांना दोष देण्याऐवजी प्रश्न उलटा टाकला : इतके लोक असूनही कुणी का आले नाही, असे न विचारता, इतके लोक होते म्हणूनच तर कुणी आले नाही का, हे तपासायचे ठरवले. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून कॉलेजजीवनातल्या अडचणींवर बोलायला लावले. बोलणाऱ्यांपैकी एकजण आपल्याला झटके येतात असे सांगतो आणि थोड्या वेळाने त्याचे शब्द अडखळू लागतात, श्वास कोंडतो, तो मदत मागतो. हा आवाज आधीच मुद्रित केलेला होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के झटका ओसरण्याआधीच मदतीला उठले. आणखी एकजण ऐकतो आहे असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के झाले; आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले तेव्हा ३१ टक्के.

या प्रयोगातली आकड्यांहून महत्त्वाची नोंद वेगळीच आहे. जे उठले नाहीत, ते निवांत बसले नव्हते. संशोधक खोलीत शिरला तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता आणि त्यांचा पहिला प्रश्न ‘तो बरा आहे ना?’ असाच होता. न जाण्याचा निर्णय त्यांनी घेतलाच नव्हता. जावे की नाही, या घोळातच ते अडकून पडले होते. निष्ठुरपणाच्या आरोपाला याहून चांगले उत्तर सापडणे कठीण.

दुसऱ्या प्रयोगात प्रश्नावली भरत बसलेल्या माणसांच्या खोलीत भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के बाहेर जाऊन सांगून आले. शेजारी दोन ‘ठरवून आणलेले’ लोक खांदे उडवून लिहीत राहिले, तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत, हाताने धूर बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले. नंतर कुणी म्हणाले वाफ असेल, कुणी म्हणाले वातानुकूलनाचा बिघाड. दोघांना तर तो खरे बोलायला लावणारा वायू वाटला.

यावरून तीन कारणे पुढे आली. एक, जबाबदारी वाटली जाते : एकट्यावर असलेले ओझे दहाजणांत वाटले की प्रत्येकाला ते नगण्य वाटते, ‘कुणीतरी फोन केला असेलच’. दोन, प्रत्येकजण इतरांच्या चेहऱ्यावरून प्रसंगाचा अंदाज घेतो. सगळेच मनातली घालमेल लपवून शांत दिसायचा प्रयत्न करत असल्याने ‘काही विशेष नाही’ असा निकाल सगळ्यांच्या मते लागतो. तीन, चारचौघांत हसे होण्याची भीती. मदतीपर्यंत पोहोचायला माणसाला घटना लक्षात येणे, ती गंभीर आहे हे ओळखणे, ती आपली मानणे, काय करायचे ते ठाऊक असणे आणि ते प्रत्यक्ष करणे अशा पाच पायऱ्या चढाव्या लागतात. यांतल्या कुठल्याही पायरीवर तो थबकू शकतो.

स्वभावापेक्षा परिस्थिती किती जोरकस असते, याचे काहीसे बोचरे उदाहरण म्हणजे डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा १९७३ चा प्रयोग. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झाल्याचे सांगून पिटाळलेल्यांपैकी १० टक्के. त्यांतल्या काहींच्या भाषणाचा विषय वाटेवर पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या बायबलमधल्या शोमरोनी माणसाची गोष्ट हाच होता. त्याने काही फरक पडला नाही.

सिद्धान्ताच्या मर्यादाही हळूहळू स्पष्ट झाल्या. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत केलेल्या प्रयोगात हातात काठी असलेला माणूस कोसळला, तेव्हा बहुतेक प्रत्येक वेळी कुणीतरी उठून मदत केली. डब्यात सर्वांना सर्व दिसत होते आणि कुणाला निघून जाता येत नव्हते. धोका उघड आणि मोठा असला की गर्दीचा परिणाम कमी होतो, असे २०११ च्या एका व्यापक आढाव्यातही दिसले. सगळ्यात मोठा धक्का दिला तो सीसीटीव्हीने. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी ॲम्स्टरडॅम, केपटाऊन आणि इंग्लंडमधील लँकेस्टर या शहरांतल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचे चित्रण तपासले. दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एकाने तरी मध्ये पडून काहीतरी केले होते, आणि बघे जास्त असतील तर कुणीतरी पुढे होण्याची शक्यता वाढत होती. प्रत्येकाची शक्यता घटली तरी माणसे जास्त असल्याने एखादा निघतोच. मारहाण सोसणाऱ्याच्या दृष्टीने तोच एखादा महत्त्वाचा.

महाराष्ट्रातील अलीकडच्या घटनांत दोन्ही बाजू दिसतात. जून २०२४ मध्ये वसईत भररस्त्यात एका तरुणीवर लोखंडी पान्याने घाव घालून तिचा खून झाला. आजूबाजूला माणसे होती, वाहने जात होती. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या येरवड्यात एका कंपनीच्या वाहनतळावर सहकाऱ्याने तरुणीवर धारदार हत्याराने वार केले. जमलेले लोक अंतर राखून पाहत होते. हल्लेखोराने हत्यार टाकताच तेच लोक त्याच्यावर तुटून पडले. तरुणी वाचली नाही. अशा वेळी गर्दीला धरून ठेवते ती जबाबदारीची वाटणी कमी आणि हत्याराची भीती जास्त, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. त्या भीतीला भ्याडपणा म्हणणे खुर्चीत बसून सोपे असते. मात्र दगड भिरकावणे, आरडाओरडा करणे, सुरक्षारक्षकाला हाक मारणे यांसाठी हत्याराच्या टप्प्यात जावे लागत नाही, हेही तितकेच खरे. याउलट जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावणाऱ्या तरुणाला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी धरले. पहिल्याने हात घातला, मग बाकीचे सरसावले.

भारतात या विषयाचा मोठा भाग रस्त्यावरच्या अपघातांशी जोडलेला आहे, आणि इथे प्रयोगशाळेतली कारणे अपुरी पडतात. जखमीला रिक्षात घालून दवाखान्यात नेले की तिथे आधी पैसे भरायला सांगतात. पोलीस नाव-पत्ता लिहून घेतात. जबाब, पंचनामा, मग वर्षानुवर्षे साक्षीची समन्स. आणि ‘तुम्हीच ठोकलं असेल, नाहीतर कशाला आणलंत?’ हा प्रश्न. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हा सल्ला मराठी घरात मुलांना लहानपणीच मिळतो. रस्ते सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ या संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी आपण जखमीला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले. त्यांच्यापैकी ८८ टक्क्यांनी पोलिसी चौकशी आणि कोर्टकचेरीचा धाक हे कारण दिले. हा गर्दीचा मनोव्यापार नव्हे, अनुभवातून बसलेला हिशेब आहे.

चीनमध्ये हाच हिशेब एका निकालाने घट्ट केला. नानजिंगमध्ये २००६ साली पडलेल्या वृद्धेला रुग्णालयात नेणाऱ्या तरुणावर तिनेच दावा लावला, आणि धक्का दिला नसता तर तो मदतीला आलाच नसता, अशा तर्काने न्यायालयाने २००७ मध्ये त्याच्यावर भरपाईचा बोजा टाकला. धक्का लागला होता, हे त्याने मान्य केल्याचे पुढे जाहीर झाले. तोवर निकालाचा धडा देशभर पोहोचला होता. २०११ मध्ये फोशान शहरात दोन वर्षांच्या मुलीला दोन वाहनांनी चिरडले. अठराजण तिला वळसा घालून गेले आणि शेवटी कचरा वेचणाऱ्या एका बाईने तिला उचलले. मदत करणाऱ्याला दायित्वातून मुक्त करणारी तरतूद चीनने २०१७ मध्ये केली.

कायद्याचे दोन मार्ग आहेत : मदत न करणाऱ्याला शिक्षा किंवा करणाऱ्याला संरक्षण. फ्रान्समध्ये स्वतःला धोका नसताना संकटातल्या माणसाला मदत नाकारणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. जर्मनीत शिक्षा एक वर्षापर्यंत. इंग्लंडच्या परंपरेतल्या कायद्याने असे सर्वसाधारण कर्तव्य मानले नाही, आणि भारतानेही तोच वारसा घेतला. पालक, पोलीस, डॉक्टर किंवा अपघात करणारा चालक यांच्यावर जबाबदारी आहे, वाटसरूवर नाही. खून, दरोडा यांसारख्या ठरावीक गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे मात्र प्रत्येकाचे कर्तव्य आहे. आणि फारसे माहीत नसलेले म्हणजे, खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय कायद्यात स्वतःपुरता नाही. दुसऱ्या कुणाचेही शरीर वाचवण्यासाठी तो वापरता येतो.

भारताचा भर संरक्षणावर राहिला. पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता जखमीवर उपचार करणे हे डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. ‘सेव्हलाइफ’च्या जनहित याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक झाली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. २०२० च्या नियमांनुसार त्याला नाव, पत्ता, फोन सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हेही तोच ठरवतो. या हक्कांचा फलक रुग्णालयाच्या दर्शनी भागात स्थानिक भाषेतही लावायचा असतो. बहुतेकांना तो फलक पाहिल्याचे आठवत नाही.

प्रशिक्षणाने फरक पडतो. बघ्यांच्या निष्क्रियतेवरचे व्याख्यान ऐकलेले विद्यार्थी नंतर ठरवून घडवलेल्या प्रसंगात न ऐकलेल्यांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात मदतीला थांबले, असे १९७८ च्या एका अभ्यासात आढळले. संकटात सापडलेल्यासाठी व्यवहारातला उपाय म्हणजे ‘वाचवा’ असे सगळ्यांना उद्देशून ओरडण्यापेक्षा एकाला गाठणे : ‘ओ निळ्या शर्टवाले दादा, ११२ ला फोन लावा.’ नाव घेऊन सोपवलेले काम वाटले जात नाही. छेडछाडीच्या प्रसंगी थेट भिडण्याआधी मुलीला ओळख असल्यासारखी हाक मारून लक्ष वळवणे, कंडक्टरला किंवा दुकानदाराला बोलावणे, प्रसंग सरल्यावर तिच्याजवळ थांबणे, असे कमी जोखमीचे मार्गही शिकवले जातात.

अपघातग्रस्ताला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२१ पासून ५,००० रुपयांचे बक्षीस ठेवले. २०२५ मध्ये ‘राह-वीर’ या नावाने ते २५,००० रुपये झाले. ते मिळवण्यासाठी नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक पोलिसांच्या लेखी पोचपावतीवर यावा लागतो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते. जो तपशील न देण्याची मुभा २०२० च्या नियमांनी दिली, तोच बक्षिसासाठी लिहून द्यायचा असतो.