टोपणनाव म्हणजे तोंड लपवणं नव्हे

"खरं नाव सक्तीचं करा, शिवीगाळ थांबेल," हे कोकणात गावोगावच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पडताळणी सक्तीची केली; शिवीगाळ फारशी घटली नाही आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो नियमच रद्द केला.

आपल्याकडेही पाणंदीच्या वादात एकमेकांची आयमाय काढणारे आडनावासकट, नंबरासकट लिहितात! उलट आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आले की टोपणनावाने सल्ला देणाऱ्याचं लोक ऐकतात, कारण त्याचे मागच्या हंगामांतले सल्ले तिथेच वाचता येतात. निनावी माणसाला मागचं काहीच नसतं. टोपणनावाला पत असते, ती जाण्याची धास्तीही असते. मालगुंडच्या कृष्णाजी केशव दामल्यांना महाराष्ट्र 'केशवसुत' म्हणूनच ओळखतो.