लेझर प्रिंटरची टोनर कार्ट्रिज खरंच किती चालते

टोनर कार्ट्रिज म्हणजे लेझर प्रिंटरमधला काळ्या पावडरीचा डबा. छोट्या मशीनमधे याच डब्यात ड्रम (ज्यावर आधी पावडरीनं मजकूर उमटतो आणि मग कागदावर जातो तो रोलर), मॅग्नेटिक रोलर, ब्लेड आणि उरलेली म्हणजे वेस्ट पावडर साठवणारा कप्पा पण असतो, त्यामुळे "टोनर संपला" म्हणतात तेव्हा नेमकं काय संपलं ते आधी बघावं लागतं. ब्रदर कंपनीच्या बऱ्याच मशीनमधे मात्र ड्रम वेगळा येतो आणि तो टोनरच्या कितीतरी पट जास्त चालतो.

खोक्यावर किती पानं निघतील त्याचा आकडा असतो. एचपी कंपनीच्या १२ए कार्ट्रिजला २०००, ८८ए ला १५००. काळ्या-पांढऱ्या लेझरसाठी हा आकडा आयएसओ/आयईसी १९७५२ या मानकाप्रमाणे काढतात, ते २००४ मधे आलं. किमान तीन प्रिंटर आणि नऊ कार्ट्रिज घेऊन, एसीच्या खोलीत, ठरलेली पानं एका दमात छापत राहायचं, प्रिंट फिकी पडली की कार्ट्रिज काढून हलवायची, परत लावायची, अशी ती चाचणी. त्याआधीपासून चालत आलेला हिशोब ५ टक्के कव्हरेजचा, म्हणजे पानाचा विसावा भाग काळा. साधं टाईप केलेलं पत्र त्याच्या आसपास बसतं, बाकी काही बसत नाही.

आता हे नागपुरात लावून बघा. हायकोर्टाच्या बाजूला टायपिंगवाल्यांकडे लीगल साईजचा कागद, तो ए४ पेक्षा जवळपास पाव हिश्श्यानं मोठा, पण मजकूर डबल स्पेसिंगमधे आणि मार्जिन भरपूर, म्हणून पावडर फारशी जात नाही. खरी नासाडी ऑल-इन-वन (प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स एकत्र असलेल्या) मशीनवर आधार कार्डाची झेरॉक्स काढताना होते. घाईत झाकण उघडं ठेवून कॉपी मारली की कार्डाच्या भोवतीचं सगळं पान काळंकुट्ट येतं, आणि अशा एका पानात पत्राची दहा-पंधरा पानं सहज निघाली असती. जून-जुलैत कॉलेज ॲडमिशनची गर्दी असते तेव्हा दुकानदार ओरडून सांगतो "भाऊ, झाकण लावा ना", तरी कोणी ऐकत नाही. फोटो असलेलं हॉल तिकीट आणि जाड बॉर्डरवाली प्रोजेक्टची पानं, हे पण त्याच रांगेतले.

एकेक पान सुटं छापल्यानं पण फरक पडतो. प्रत्येक वेळी मशीन सुरू होताना आणि थांबताना रोलर रिकामे फिरतात, थोडी पावडर वेस्टच्या कप्प्यात जाते आणि झीज होते ती वेगळीच. शंभर पानांची फाईल एकदम छापणं आणि दिवसभरात शंभर गिऱ्हाईकांना एकेक पान देणं, दोन्हीत पानं सारखीच पण कार्ट्रिज सारखी चालत नाही.

टोनर वाळत मात्र नाही, कारण तो शाई नसून बारीक प्लास्टिकची पावडर आहे. सीलबंद असली तर दोन वर्षं आरामात टिकते. त्रास होतो उन्हाचा आणि ओलीचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बंद गाडीत किंवा टिनाच्या शेडखाली कार्ट्रिज ठेवू नये, पावडरीचे गोळे होतात. आणि कूलर! प्रिंटरच्या तोंडावर कूलर सोडला की कागद दमट होतो, पावडरीवरचा चार्ज नीट बसत नाही, प्रिंट फिकी किंवा करडी येते, आणि लोकं चांगली कार्ट्रिज संपली समजून बदलून टाकतात.

"टोनर लो" चा दिवा पण अंदाजाचाच. काही मशीन रोलरचे फेरे मोजतात, काही पानांवरचे ठिपके, काही चिपवर हिशोब ठेवतात. १२ए ला तर चिपच नाही, तिथे प्रिंटमधे उभा पांढरा पट्टा दिसेल तेव्हाच कळतं. असा पट्टा आला की कार्ट्रिज काढायची, आडवी धरून पाच-सहा वेळा हळू हलवायची, बरीच पानं अजून निघतात. मशीनच अडवत असेल तर सेटिंगमधे 'कंटिन्यू' सापडतं का बघावं.

रीफिलचं म्हणाल तर पावडर स्वस्त, ड्रम महाग. एक-दोन रीफिल बहुतेक वेळा चांगल्या जातात, पुढे ड्रमची कोटिंग झिजते. १२ए सारख्या कार्ट्रिजमधे साधारण साडेसात सेंटीमीटरवर तोच डाग परत परत आला तर तो ड्रमचा, कारण ड्रमचा घेर तेवढाच असतो, तिथे पावडर भरून काही उपयोग नाही. भरणारा वेस्टचा कप्पा रिकामा करतो का हे समोर उभं राहून बघावं, काही जण तीच वेस्ट पावडर परत डब्यात ढकलतात, तिच्यात कागदाची धूळ असते आणि सगळं पान राखाडी निघतं. कपड्यांवर सांडली तर आधी झटकायची आणि थंड पाण्यानं धुवायची, गरम पाण्यानं ती वितळून तिथेच बसते.