क्लेपोनच्या पोटातला गूळ नेमका पातळ कसा होतो?

इंडोनेशियात जावा बेटावरच्या बाजारात केळीच्या पानावर छोट्या हिरव्या गोळ्या मांडून ठेवलेल्या दिसतात, अंगावर पांढरं खोबरं भुरभुरलेलं, तो क्लेपोन. पूर्व जावात पासुरुआन जिल्ह्यातलं गेम्पोल तर यासाठीच फेमस आहे. खायचा नियम एकच, अख्खा तोंडात टाकायचा आणि तोंड बंद करूनच चावायचा, नाहीतर आतल्या पातळ गुळाची पिचकारी थेट समोरच्याच्या शर्टावर.

तांदळाचं पीठ, गूळ, ओला नारळ असं वाचलं की आपल्याला उकडीचा मोदक आठवणारच, पण मोदक गार झाला की त्याची पारी कडक व्हायला लागते आणि क्लेपोन मात्र संध्याकाळपर्यंत रबरासारखा लवचिक राहतो. हा सगळा खेळ स्टार्चचा आहे. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात, सरळ साखळीसारखं अमायलोज आणि झाडासारख्या फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. बासमतीत अमायलोज साधारण 20 ते 25 टक्के असतं, तर क्लेपोनसाठी जो चिकट तांदूळ वापरतात, ज्याला तिकडे केतान म्हणतात, त्यात ते जवळपास नसतंच, फार तर 2 टक्के. कारण अमायलोज बनवणारं जे जीन आहे, भाताच्या सहाव्या क्रोमोसोमवरचं, ते या तांदळात बिघडलेलं आहे, DNA च्या 23 अक्षरांचा एक तुकडा त्यात चुकून दोनदा आलाय! शेतकऱ्यांना तो चिकट भात आवडला, त्यांनी तो जपला. शाळेतली आयोडिन टेस्ट करून बघितली तर साधा तांदूळ निळा होतो आणि हा लालसर तपकिरी. पीठ गार झालं की सरळ साखळ्या पटापट एकमेकींना चिकटून घट्ट होतात, फांद्यावाल्यांना तेच करायला खूप जास्त वेळ लागतो, म्हणून क्लेपोन मऊ राहतो.

आता गुळाकडे येऊ, मला यातला सगळ्यात मजेशीर भाग हाच वाटतो. सगळे म्हणतात की उकळत्या पाण्यात टाकल्यावर आतला गूळ वितळतो. पण शुद्ध साखर वितळायला साधारण 186 अंश लागतात आणि उकळतं पाणी 100 च्या वर जात नाही, मग गोळीच्या आत 186 कुठून येणार? तर गूळ मुख्यतः वितळत नाही, विरघळतो. पाणी मिळतं त्याच्याभोवतीच्या ओल्या पिठातून, थोडा ओलावा गुळात स्वतःचाही असतो, आणि 100 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात जवळजवळ 487 ग्रॅम साखर मावते, म्हणजे थेंबभर पाणीसुद्धा पुरतं. म्हणून गूळ बारीक चिरून भरायचा, मोठा खडा घातला तर मधे कच्चा राहतो. गार झाल्यावर त्याचे परत खडे का होत नाहीत, तर हा गूळ नारळाच्या किंवा आरेन नावाच्या ताडाच्या रसाचा असतो (गोव्यातला माडाचा गूळ माहीत असेल तर तोच प्रकार), त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, ते साखरेचे कण नीट रांगेत बसू देत नाहीत.

गोळी आधी तळाशी बसते आणि शिजली की वर तरंगते. स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मळताना अडकलेली हवा आणि वाफ प्रसरण पावते, वजनाच्या मानाने आकार वाढतो. पारी कुठे पातळ राहिली असेल तर मात्र ती फुटते आणि सगळा गूळ पाण्यात, मग पातेल्यात नुसतं गोड पाणी.

हिरवा रंग सुजी नावाच्या झाडाच्या पानांचा (रव्याशी संबंध नाही), वास पांदानच्या पानांचा. पांदान म्हणजे आपल्या केवड्याच्या भाऊबंदांपैकी. त्याच्या वासामागचं मुख्य रसायन 2-असिटिल-1-पायरोलीन, जे बासमतीत आणि आंबेमोहरातही आहे! अमेरिकेत रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये ते शिजलेल्या भातात ओळखलं. आणि नाक इतकं तिखट की दहा लाख लिटर पाण्यात एक दशांश ग्रॅम असलं तरी कळतं. हिरवा रंग मात्र नाजूक, आंबटपणा आणि उष्णतेने क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी होतो, म्हणून तिकडच्या बायका रसात थोडी चुन्याची निवळी घालतात, पक्की केमिस्ट्री आहे ही. आजकाल बरेच जण बाटलीतला इसेन्स टाकतात, तो रंग लांबूनच ओळखू येतो आणि वास, असो.

खोबरं चिमूटभर मीठ घालून आधी वाफवून घेतात, कच्चं ओलं खोबरं त्या दमट हवेत काही तासांत आंबतं. मिठामुळे गोडही जास्त गोड लागतं. आणि उरलेले क्लेपोन चुकूनही फ्रीजमध्ये ठेवू नका, कारण 4 अंशाच्या आसपास स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो, फांद्यावाला असला तरी. शिवाय पुन्हा वाफवले तर वरच्या खोबऱ्याचा चिखल होतो, त्यामुळे त्याच दिवशी संपवायचे.