सर लॉर्ड बॉल्टिमोर

सर लॉर्ड बॉल्टिमोर : न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील हार्ड रॉक बँड. स्थापना १९६८. जॉन गार्नर (ड्रम्स आणि मुख्य गायन), लुई डॅम्ब्रा (गिटार) आणि गॅरी जस्टिन (बेस) हे मूळचे तिघे. ‘किंगडम कम’ (१९७०) आणि बँडच्याच नावाचा दुसरा अल्बम (१९७१) एवढीच त्यांची ऐन उमेदीतली कमाई. विक्री जेमतेम झाली आणि काही वर्षांत बँड विसरलाही गेला. पण ‘हेवी मेटल’ हा शब्द या कर्कश, गिटारप्रधान संगीताला कसा चिकटला हे शोधत निघालेला माणूस हमखास या नावापाशी येऊन थांबतो.

नाव ऐकून इंग्लंडमधल्या एखाद्या खानदानी घराण्याचा भास होतो, पण ते स्थापनेनंतर आले आहे सिनेमातून. ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ या १९६९ च्या चित्रपटात दरोडेखोरांचा माग काढणाऱ्या एका रेड इंडियन पात्राचे नाव लॉर्ड बॉल्टिमोर आहे. त्यामागे ‘सर’ जोडला गेला. ‘सर’ आणि ‘लॉर्ड’ असे एकाला एक लावून कोणी म्हणत नाही. पण पत्राच्या मायन्यात ‘श्री. रा. रा.’ लिहिणाऱ्यांच्या वारसदारांनी त्याला हसू नये.

बँडमागची दोन माणसे म्हणजे माइक अॅपल आणि जिम क्रेटेकोस. गाणी रचण्यात आणि रेकॉर्ड करण्यात या जोडीचा मोठा वाटा होता. गंमत अशी की याच सुमारास ही जोडी ‘पार्ट्रिज फॅमिली’ या टीव्ही मालिकेतल्या गोड, गुळगुळीत पॉप गाण्यांसाठीही लिहीत होती. त्यांचा हात असलेले ‘डझन्ट समबडी वाँट टू बी वाँटेड’ हे गाणे १९७१ मध्ये अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. पुढे अॅपल गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा मॅनेजर झाला आणि त्याचा १९७३ चा पहिला अल्बमही या जोडीनेच केला. म्हणजे सर लॉर्ड बॉल्टिमोरचा गोंगाट हा काही गॅरेजमध्ये आपोआप उसळलेला प्रकार नव्हता. गाणे कसे बांधायचे हे पोटापाण्यासाठी शिकलेल्या लोकांनी तो बांधला होता.

‘किंगडम कम’चे अंतिम मिश्रण न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत झाले. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने उभारलेला हा स्टुडिओ ऑगस्ट १९७० मध्ये सुरू झाला आणि महिन्याभरातच हेंड्रिक्स गेला. तिथला ध्वनिमुद्रक एडी क्रेमर याने हेंड्रिक्स आणि लेड झेपेलिन हा ब्रिटिश बँड या दोघांचेही काम केले होते. तोच या अल्बमलाही लाभला. वाजवणारे तीनच असले तरी ऐकताना गिटारी मोजता येत नाहीत. डॅम्ब्राने स्वतःच्या वादनावर स्वतःचेच थर चढवले आहेत. डाव्या कानात एक सोलो चालू असतो आणि तो संपायच्या आत उजव्या कानात दुसरा घुसतो. ‘पम्प्ड अप’ या गाण्यात तर दोन गिटारी एकमेकींच्या बोलण्यात तोंड घालणाऱ्या जावांसारख्या वाजतात. हेडफोन लावून ऐकल्याशिवाय ही करामत कळत नाही.

अल्बमच्या पहिल्याच गाण्यात, ‘मास्टर हार्टेक’मध्ये, जस्टिनचा बेस दबून राहत नाही. फझ (आवाज मुद्दाम फाटका करणारे उपकरण) लावून खरखरीत केलेला हा बेस गिटारच्या बरोबरीने रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, ओढतो, त्यामुळे आवाजाचा तळच दाणेदार होतो. त्यावर गार्नरची किंचाळी. ड्रम्स बडवत मुख्य गायन करणारे लोक रॉकमध्ये मोजकेच. गार्नरच्या बाबतीत त्याचा परिणाम असा की आवाज आणि झांज एकाच दमाने येतात. शब्द ताटावर आदळावे तसे पडतात. त्याचा गळा सुरेल म्हणता येणार नाही. पण या गाण्यांना सुरेल गळा लावून पाहिला असता तर ती बेचव झाली असती. दहा गाण्यांत श्वास घ्यायला मिळतो तो फक्त ‘लेक आइल ऑफ इनर्सफ्री’ या संथ गाण्यात. त्याचे शीर्षक आयरिश कवी येट्सच्या प्रसिद्ध कवितेची आठवण करून देते, स्पेलिंग मात्र वेगळे आहे.

मे १९७१ मध्ये ‘क्रीम’ या मासिकात माइक सॉन्डर्स या तरुण समीक्षकाने अल्बमचे परीक्षण लिहिले. हेवी मेटलच्या पोथीतल्या बहुतेक सगळ्या उत्तम क्लृप्त्या या बँडने घोटून घेतल्या आहेत, असा त्याचा अभिप्राय होता. वादन लेड झेपेलिनच्या वेगवान स्फोटांसारखे, गाणे म्हणजे ब्लूज गायक जॉनी विंटरची न थांबणारी आरोळी, ‘हार्ड रेन फॉलिन’ या गाण्यावर एमसी ५ या बँडची छाप आणि प्रत्येक अल्बमात एक हळुवार गाणे ठेवायची झेपेलिनच्या जिमी पेजची रीत, असा हिशेबही त्याने मांडला.

या परीक्षणावरून ‘हेवी मेटल हा शब्द पहिल्यांदा याच बँडसाठी वापरला गेला’ असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ‘हेवी मेटल’ हे शब्द १९६८ मध्येच स्टेपनवुल्फ या बँडच्या ‘बॉर्न टू बी वाइल्ड’ या गाण्यात आले होते, तिथे संदर्भ मोटारसायकलचा होता. आणि खुद्द सॉन्डर्सनेच नोव्हेंबर १९७० मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये हंबल पाय या बँडवर लिहिताना हे शब्द योजले होते, तेही शिवी म्हणून. फरक पडला तो सुरात. सहा महिन्यांपूर्वी ज्या नावाने त्याने एका बँडला झोडपले, त्याच नावाने तो आता दुसऱ्याची पाठ थोपटत होता. शिवाय ‘पोथीतल्या क्लृप्त्या’ म्हणायचे तर पोथी आधी असावी लागते. हेवी मेटलचा आरंभ मानला जाणारा ब्लॅक सॅबाथ या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा. सव्वा वर्षात या संगीताच्या रीती इतक्या रुळल्या होत्या की त्या पाळल्याबद्दल एखाद्याला गुण देता येत होते. या परीक्षणाचे खरे मोल ‘पहिला कोण’ या वादापेक्षा इथे आहे.

गुण मिळाले, गिऱ्हाइके मिळाली नाहीत. बिलबोर्डच्या दोनशे अल्बमांच्या यादीत ‘किंगडम कम’ अगदी तळाला डोकावून गेला. फेब्रुवारी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये बँडने ब्लॅक सॅबाथबरोबर कार्यक्रम केले. त्याच वर्षी जूनमध्ये ते सभागृहच बंद पडले.

दुसऱ्या अल्बमसाठी लुईचा भाऊ जोई डॅम्ब्रा दुसरी गिटार घेऊन आला. गाणी लांबली; ‘मॅन फ्रॉम मॅनहॅटन’ दहा मिनिटांच्या पुढे जाते. पहिल्या अल्बमची धाप इथे ओसरली आहे आणि तिच्या जागी दुसरे काही धड आलेले नाही. मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीने करार पुढे चालवला नाही. तिसऱ्या अल्बमची गाणी तयार होत होती, ती तशीच पडून राहिली आणि सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर बँड विखुरला.

१९९० च्या दशकात दोन्ही अल्बम सीडीवर निघाले. फझ आणि जाड बेस यांवर पोसलेले स्टोनर रॉक तेव्हा जोरात होते. त्या श्रोत्यांना जुन्या रेकॉर्डच्या ढिगात आपले पूर्वज सापडले. जपानच्या चर्च ऑफ मिझरी या डूम (संथ, जड मेटल) बँडने २००९ च्या ‘हाउसेस ऑफ द अनहोली’ या अल्बमात ‘मास्टर हार्टेक’ पुन्हा वाजवले.

गार्नर आणि लुई डॅम्ब्रा २००६ मध्ये एकत्र आले आणि ‘सर लॉर्ड बॉल्टिमोर ३ रॉ’ हा अल्बम काढला. जस्टिन त्यात नव्हता. पस्तीस वर्षे अडकलेला तिसरा अल्बम असा अखेर बाहेर पडला. जुन्या गाण्यांच्या चालींवर आता ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द आले होते, कारण डॅम्ब्रा मधल्या काळात धर्मकार्याकडे वळला होता. ड्रम्सवर आणि माइकसमोर मात्र पूर्वीप्रमाणेच गार्नर होता. २०१५ च्या डिसेंबरमध्ये त्याचे निधन झाले.