ईस्ट ऑफ ईडन

जॉन स्टाइनबेक (१९०२–१९६८) या अमेरिकन लेखकाची, सप्टेंबर १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी. काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतचा, म्हणजे साधारण १८६२ ते १९१८. घराणी दोन: पैसा हाताशी असलेले आणि चांगल्यातली चांगली जमीन विकत घेणारे ट्रास्क, आणि उत्तर आयर्लंडहून नशीब काढायला आलेले, नऊ पोरांचे, कायम ओढगस्तीतले हॅमिल्टन. चार भाग, पंचावन्न प्रकरणे. बायबलमधल्या काइन आणि हाबेल या भावांची (थोरल्या काइनने मत्सरापायी धाकट्या हाबेलला मारले ती) गोष्ट नव्याने सांगणारी कादंबरी अशी तिची ओळख करून देतात, आणि ती चूक नाही. पण ज्याच्या घरी थोडीफार शेती आहे अशा वाचकाला ती आधी जमिनीची आणि पाण्याची कादंबरी वाटते. गाळाची जमीन कोणाला मिळाली, माळ कोणाच्या गळ्यात पडला आणि मिळालेल्याचे कोणी काय केले, या हिशेबातून तिच्यातले कोणीच सुटत नाही.

कथा घडते ती मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात. पूर्वेला गॅबिलानचे उजळ डोंगर, पश्चिमेला सांता लुसियाचे काळपट, आणि मधून उत्तरेला मॉन्टेरीच्या उपसागराकडे जाणारी नदी. पहिले प्रकरण या भूगोलालाच दिलेले आहे. नदी हिवाळ्यात काठ खाते, झाडे उपटून नेते आणि उन्हाळ्यात वाळूखाली दडी मारते. पाच-सहा वर्षे भरपूर पावसाची, सहा-सात बऱ्यापैकी, मग कोरडी. आणि सुकाळात दुष्काळाची आठवण कोणालाच राहत नाही, असे निवेदक सांगतो. ज्यांना सुरुवातीपासून गोष्ट हवी असते ते इथेच कंटाळतात. त्यांनी नेट धरावा, कारण पुढचे सगळे व्यवहार याच पाण्यावर ठरतात.

जमिनीची मालकी या खोऱ्यात जुनी कोणाचीच नाही. मूळ रहिवाशांकडून ती स्पॅनिश लोकांकडे गेली, मग मेक्सिकन अंमलात मोठमोठ्या इनामांच्या रूपाने वाटली गेली. १८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आला आणि १८५१ च्या कायद्याने इनामदारांवर आपला हक्क कागदोपत्री सिद्ध करण्याची पाळी आली. पुष्कळांची जमीन वकिलांच्या फीमध्येच संपली. स्टाइनबेक हे सगळे भरभर सांगून मोकळा होतो. मूळ रहिवाशांची तर तो काही ओळींत, आणि तुच्छतेने, वासलात लावतो. तो मजकूर १९५२ साली फारसा खटकला नसेल, आज खटकतो.

सॅम्युएल हॅमिल्टन आणि त्याची बायको लायझा खोऱ्यात आले तोवर सपाट, काळी, ओलीची जमीन संपली होती. उरली होती किंग सिटीच्या पूर्वेकडची डोंगरउतारावरची. सरकारी वसाहत कायद्याने माणशी १६० एकर मिळत. सॅम्युएलने एक तुकडा स्वतःच्या नावावर घेतला, एक बायकोच्या आणि ती गरोदर होती म्हणून एक पोटातल्या बाळाच्या. पुढे प्रत्येक मुलामागे एक तुकडा वाढत गेला. नऊ मुले आणि दोघे आईबाप मिळून अकरा तुकडे, १,७६० एकर. आकडा ऐकून बडे जमीनदार वाटावेत, पण त्या एवढ्या जमिनीत एक झरा नव्हता आणि माती इतकी पातळ की खालचा गारगोटीचा दगड जागोजाग वर आलेला. शंभर एकरांतही कुटुंब जगेल अशी जमीन शेजारी होती, फक्त ती यांची नव्हती.

सॅम्युएल हा पाणाड्या. हातात फाटा असलेली काठी धरून रानातून चालायचा आणि ती झुकेल तिथे बोट ठेवायचा. दुसऱ्यांच्या विहिरी त्याने खोदल्या, स्वतःच्या जमिनीत पाणी लागले नाही. लोहारकाम, बाळंतपणे, मळणीयंत्रातल्या सुधारणा असे सगळे तो करी. सुधारणांची पेटंटे घेण्यात असलेले पैसेही जात, आणि केलेल्या कामाची बिले लोक बुडवत. घरात पुस्तके मात्र होती. लायझा कट्टर प्रेस्बिटेरियन (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथातली) आणि दारूची वैरीण. सत्तरीला डॉक्टरने औषध म्हणून पोर्ट वाइन सांगितल्यावर मात्र तिने पथ्य इतके मनापासून पाळले की पुढचे आयुष्य तिला बरेच सुखाचे गेले. हॅमिल्टनांच्या प्रकरणांत असे पुष्कळ आहे, आणि माझ्या मते पुस्तकाचा खरा जीव तिथेच आहे.

ट्रास्कांची गोष्ट याहून काळोखी. मूळ पुरुष सायरस हा कनेक्टिकटचा शेतकरी. यादवी युद्धात उतरताच त्याचा पाय गेला. पण पुढे लढायांची माहिती वाचून वाचून तो आपण प्रत्येक लढाईत होतो असे सांगू लागला आणि माजी सैनिकांच्या संघटनेत वॉशिंग्टनला मोठ्या पदावर जाऊन बसला. मेल्यावर मागे लाखभर डॉलर निघाले. त्याच्या पगारात एवढे साठणे शक्य नव्हते. ॲडम आणि चार्ल्स या दोन सावत्र भावांनी हा पैसा चोरीचा आहे का यावर वाद घातला आणि तो ठेवून घेतला. त्याच पैशावर ॲडम १९०० च्या सुमारास बायको कॅथीला घेऊन सलिनासला आला आणि जुन्या इनामाचा उरलेला, पाण्याचा, गाळाचा तुकडा त्याने रोख मोजून घेतला. घराण्याची जमीन म्हणतात ती या कादंबरीत एवढीच जुनी आहे.

दोन्ही घराणी भेटतात ती विहिरीवरून. ॲडमला विहिरी हव्यात, पाणी कुठे लागेल ते सॅम्युएलला कळते. खोदकाम चालू असताना पहार एका उल्केवर आपटते, आणि त्याच दिवशी कॅथीच्या बाळंतपणाचे बोलावणे येते. सॅम्युएल सुईणपणाला जातो, तर ती त्याच्या हाताला कडकडून चावते. जुळे मुलगे होतात. काही दिवसांत कॅथी ॲडमच्या खांद्यात गोळी घालून निघून जाते आणि सलिनास गावात केट या नावाने एका कुंटणखान्यात राहते. पुढे मालकिणीला विष घालून तो खाना स्वतःच्या नावावर करते. इकडे ॲडम वर्षभर दगड होऊन बसतो. पोरांना नावे नाहीत, जमीन पडीक. शेवटी सॅम्युएल येऊन त्याला ठोसा मारतो आणि मग बायबल उघडून नावे ठरतात: केलेब आणि ॲरन. माळावर जन्म घालवलेल्या माणसाला अशी गाळाची जमीन पडीक बघवत नाही, आणि ही चीड त्याच्या तोंडून अगदी अस्सल वाटते. कॅथीला स्टाइनबेकने जन्मतः राक्षसीण ठरवले आहे आणि नंतर त्यालाच त्याची शंका येते. ते पात्र शेवटपर्यंत पटत नाही.

परक्यांमध्ये सगळ्यात परका ली, ॲडमचा चिनी नोकर. डोक्याला शेंडीसारखी लांब वेणी, तोंडात मोडकेतोडके इंग्रजी. पहिल्याच भेटीत गाडीवर शेजारी बसलेला सॅम्युएल त्याला विचारतो, इथेच जन्मलास, मग अशी भाषा का? ली सरळ स्वच्छ इंग्रजीत बोलू लागतो. नीट बोललो तर लोकांना कळतच नाही, कारण चिन्याकडून त्यांची अपेक्षा मोडक्या भाषेची असते, असे त्याचे उत्तर. तो थोडे दिवस विद्यापीठात शिकलेला आहे. त्याची आई पुरुषाचा वेष घेऊन नवऱ्याबरोबर रेल्वेच्या कामावर आली होती. डोंगरातल्या तळावर तिचे बिंग फुटले आणि मजुरांनी तिची दशा करून तिला मारले. मग त्याच मजुरांनी लीला वाढवले. ही दोन पाने कादंबरीतली सगळ्यात जड पाने आहेत. चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी करणारा कायदा १८८२ चा. लीच्या पिढीला मालकीची जमीन, लग्न, शेजार यांपैकी काहीच सरळ मिळणार नव्हते. त्याची इच्छा एवढीच की सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तकांचे दुकान काढावे.

कादंबरीतला प्रसिद्ध हिब्रू शब्द ‘तिमशेल’ तो लीच शोधतो. काइनला देव पापाविषयी जे सांगतो ते एका इंग्रजी भाषांतरात ‘तू त्यावर राज्य करशील’ असे आहे, दुसऱ्यात ‘तू राज्य कर’ असे. एक वचन, एक हुकूम. ली हा पेच सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे ठेवतो. नव्वदीच्या आसपासचे ते म्हातारे त्यासाठी हिब्रू शिकायला बसतात आणि दोन वर्षांनी अर्थ काढतात: ‘तू राज्य करू शकतोस’. निवड माणसाची. हिब्रूच्या जाणकारांच्या मते शब्दाचा उच्चार तिमशोल असा हवा. स्टाइनबेकचा कच्चा आहे. मराठी वाचकाला हा पेच जरा वेगळा दिसतो. आपल्या ‘-शील’मध्ये वचनही मावते आणि शक्यताही. आई पोराला ‘पडशील’ म्हणते ते काही भाकीत नसते.

दुसऱ्या पिढीत जमिनीची जागा बाजार घेतो. ॲडम बर्फात भरलेली लेट्यूसची भाजी रेल्वेने न्यूयॉर्कला पाठवतो. वाटेत गाड्या अडतात, बर्फ वितळतो, माल सडतो आणि ॲडमचा बराचसा पैसा बुडतो. गावात हसे होते. कल्पना मात्र खरी होती: १९२० नंतर बर्फातल्या लेट्यूसनेच हे खोरे श्रीमंत झाले. बापाचे नुकसान भरून काढायला मुलगा कॅल (केलेब) हा सॅम्युएलचा व्यापारी मुलगा विल याच्याबरोबर घेवड्याचा सौदा करतो. युद्धामुळे भाव चढणार हे हेरून शेतकऱ्यांशी आधीच करार केलेले; भांडवलात लीने साठवलेले पाच हजार डॉलर. नफ्याचे पंधरा हजार कॅल सणाच्या जेवणाला बापापुढे ठेवतो. ॲडम सैन्यभरतीच्या मंडळावर आहे, रोज पोरांना मरायला पाठवतो आहे. युद्धावर कमावलेला पैसा तो घेत नाही. लाखभर डॉलरची चोरी पचवलेल्या घरात हे घडते. स्टाइनबेक तिथे एका शब्दाचे भाष्य करत नाही. त्या रात्री मुलगा भावाला आई कोण आहे ते दाखवायला नेतो आणि पुढे नोटा जाळतो. पुढचा शेवट काइन-हाबेलच्या कथेने आधीच ठरवलेला आहे: ॲरन सैन्यात जातो, मारला जातो, आणि अंथरुणाला खिळलेल्या बापाच्या ओठांवर लीने आणलेला तो शब्द.

हॅमिल्टन हे लेखकाचे खरे आजोळ. सॅम्युएलची मुलगी ऑलिव्ह ही त्याची आई, आणि लहानगा जॉन स्वतः पानांतून अधूनमधून डोकावतो. एका प्रसंगात तो आणि बहीण मिळून गावातल्या जर्मन शिंप्याला चिडवतात. महायुद्ध चालू आहे, पोरे कैसरच्या नावाने ओरडतात, म्हातारा नुसता बघत राहतो. पुढे मोठी माणसे येऊन त्याचे कुंपण मोडतात आणि घराचा दर्शनी भाग जाळतात. वर्षानुवर्षे गावात राहिलेला माणूस एका रात्रीत परका होतो. पान-दीड पानांचा हा प्रसंग अख्ख्या चौथ्या भागातल्या बायबलपेक्षा जास्त सांगून जातो.

उणीवही इथेच नोंदवावी लागते. या खोऱ्यातल्या दलदली चिनी मजुरांनी उपसल्या, पुढे जपानी, फिलिपिनो आणि मेक्सिकन मजूर बीट-लेट्यूसमध्ये राबले. १९३४ साली सलिनासला फिलिपिनो मजुरांचा संप गाजला. शेतमजुरांवर आधी एवढे लिहिलेल्या लेखकाने या कादंबरीत त्यांना जवळजवळ जागा दिलेली नाही.

लेखन १९५१ च्या २९ जानेवारीपासून १ नोव्हेंबरपर्यंत चालले, पेन्सिलने, मोठ्या वहीत. उजव्या पानावर कादंबरी. डाव्या पानावर संपादक पास्कल कोविची यांना त्या दिवशीचे पत्र. ही पत्रे लेखकाच्या मृत्यूनंतर १९६९ साली पुस्तकरूपाने निघाली. सुरुवातीचा बेत आपल्या दोन लहान मुलांना उद्देशून आजोळची हकिकत सांगण्याचा होता. हस्तलिखित त्याने स्वतः कोरलेल्या लाकडी पेटीत घालून कोविचींना दिले. यापूर्वीचे सगळे लेखन या पुस्तकाचा सराव होता, असे तो मानी. समीक्षकांचे मत विभागलेले होते. दोन घराण्यांची वीण सैल आहे ही तक्रार तेव्हाची आणि ती रास्त आहे. खप मात्र पहिल्यापासून जोरात. २००३ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या ओप्रा विन्फ्रीने आपल्या वाचकमंडळासाठी निवडल्यावर पुस्तक पन्नास वर्षांनी पुन्हा खपाच्या यादीत आले.

१९५५ चा एलिया कझानचा चित्रपट फक्त शेवटच्या भागावर बेतलेला आहे. कॅलच्या भूमिकेत जेम्स डीन. केटच्या भूमिकेसाठी जो व्हॅन फ्लीटला ऑस्कर मिळाले. त्यात सॅम्युएल नाही, विहिरी नाहीत आणि ली तर मुळातच नाही.

स्टाइनबेक १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याच्या अस्थी सलिनासला आणून तिथल्या दफनभूमीत हॅमिल्टनांच्या जागेत पुरल्या.